दुधातलं अँटिबायोटिक सोन्याच्या नॅनोकणांनी कसं पकडायचं, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

मागच्या थंडीत आमच्याकडे सलग तीन दिवस दही लागलं नाही. आईचं म्हणणं थंडीमुळे, म्हणून तिने भांडं गोधडीत गुंडाळून ठेवलं, विरजण बदललं, शेजारून नवीन विरजण मागून आणलं, तरी सकाळी बघावं तर दूध ते दूधच. शेवटी ज्या काकांकडून दूध घेतो त्यांना विचारलं तेव्हा कळलं की गायीला दगडी (कासेची सूज) झाली होती, सडात ट्यूब सोडल्या होत्या, वर दोन इंजेक्शनं पण झाली होती, आणि दूध मात्र रोजच्यासारखं वाटपाला जात होतं. काकांच्या मनात काही खोट नव्हती, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की औषध कासेतून दुधात उतरतं. विरजणातले जिवाणू त्या औषधाने मेले म्हणून दही लागलं नाही. (दही न लागायला दुसरीही कारणं असतात, नुसत्या त्यावरून कोणावर संशय घेऊ नका.)

आणि उकळून दूध शुद्ध होतं हा समज इथे चालत नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण बरीच अँटिबायोटिक्स त्या तापमानाला टिकतात, कॅनामायसिन-जेंटामायसिनच्या कुळातली तर चांगलीच टिकतात. आपल्याकडे कायद्यात याची सोय आहे, २०१२ मध्ये औषध नियमांत दुरुस्ती झाली आणि जनावरांच्या औषधाच्या लेबलवर किती दिवस दूध-मांस वापरायचं नाही ते छापायचं असं ठरलं, आणि विशिष्ट कालावधी ठरलेला नसेल तर दूध आणि अंड्यांसाठी किमान ७ दिवस, कोंबडी आणि जनावरांच्या मांसासाठी २८ दिवस. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०१८ मध्ये देशभर दुधाचे ६,४३२ नमुने तपासले त्यात ७७ नमुन्यांत अँटिबायोटिक मर्यादेपेक्षा जास्त निघालं. टक्केवारीत १.२ म्हणजे थोडं वाटेल, पण दूध टँकरमध्ये एकत्र होतं, एका गोठ्याचं दूध शंभर घरांत जातं, आणि अशा थोड्याथोड्या डोसवरच जिवाणू औषधाला सरावतात.

हे सगळं डोक्यात असल्यामुळे आमच्या लॅबमध्ये एमएस्सीची मुलं प्रोजेक्टला आली की मी त्यांना हाच विषय देतो. सोन्याचे नॅनोकण, लाल रंग, अँटिबायोटिक असेल तर निळा, डोळ्यांनी दिसतं, मशीन नसलं तरी कळतं. ऐकायला सोपं आहे आणि करायलाही फार अवघड नाही, पण पहिल्याच आठवड्यात मुलं एक चूक करतात म्हणून हा लेख लिहायला घेतला. चूक ही की रंग निळा झाला म्हणजे अँटिबायोटिक सापडलं असं धरून चालतात. निळा रंग फक्त एवढंच सांगतो की कण एकमेकांना चिकटले. का चिकटले ते तुम्हाला शोधायचंय, सगळी मेहनत तिथे आहे.

आधी रंगाचं गणित समजून घ्या

सोनं पिवळं असतं हे दागिन्यापुरतं खरं. तेच सोनं १३ नॅनोमीटरच्या कणांत पाण्यात तरंगत ठेवलं तर पाणी कोकम सरबतासारखं लालभडक दिसतं. मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये याचा पद्धतशीर अभ्यास केला होता. कणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर हेलकावे खातात आणि ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषून घेतात, उरतो तो लाल. कण एकमेकांच्या अगदी जवळ आले की हेलकावे एकमेकांत गुंततात आणि शोषण ६२० ते ६५० च्या पट्ट्यात सरकतं, मग पाणी आधी जांभळट आणि मग नीळ घातल्यासारखं दिसतं.

कण एरवी चिकटत नाहीत कारण त्यांच्यावर सायट्रेटचा ऋण भार असतो, सगळे एकमेकांना ढकलतात. मीठ टाकलं की हा भार झाकला जातो आणि कण गोळा होतात. आता यात ॲप्टॅमर आणायचा. ॲप्टॅमर म्हणजे एकेरी डीएनएचा छोटा तुकडा जो एका ठरावीक रेणूला पकडतो. एकेरी डीएनए सोन्यावर पसरून बसतो आणि मीठ टाकलं तरी कणांना सांभाळतो, पाणी लालच राहतं. पण दुधात त्याचं अँटिबायोटिक आलं तर ॲप्टॅमर त्याला धरून घडी घालतो, सोन्यावरून सुटतो, कण उघडे पडतात, आणि आता मीठ टाकलं की निळं. एवढीच कल्पना आहे, बाकी सगळं हाताचं काम.

शिकायला कॅनामायसिन घ्या. त्याचा ॲप्टॅमर २१ अक्षरांचा छोटा आहे, दक्षिण कोरियातल्या गटाने २०११ मध्ये सोन्याच्या कणांबरोबर वापरून २५ नॅनोमोलरपर्यंत (नॅनोमोलर म्हणजे लिटरमध्ये किती रेणू आहेत याचं बारीक माप) पकडल्याचं प्रसिद्ध केलंय, त्यामुळे आपलं काम ताडून बघायला काहीतरी हाताशी असतं. युरोपात दुधात कॅनामायसिनची मर्यादा किलोला १५० मायक्रोग्रॅम आहे. रेणूभार ४८४.५ धरला तर ती साधारण ३१० नॅनोमोलर होते. हा ३१० आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. मात्र गोठ्यात कॅनामायसिनच वापरतात असं अजिबात नाही, ऑक्सिटेट्रासायक्लिन, एन्रोफ्लॉक्सॅसिन, सेफट्रायक्झोन अशी कितीतरी औषधं असतात आणि हा सेन्सर त्यांच्याकडे बघणारही नाही. एक ॲप्टॅमर म्हणजे एक कुलूप.

पहिली पायरी: सोन्याचे कण

पद्धत टर्केविचची, १९५१ ची, नंतर १९७३ मध्ये फ्रेन्सने कणांचा आकार कसा बदलायचा ते दाखवलं. काचेची भांडी आधी ॲक्वा रेजियाने धुवायची, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक, आणि हे फक्त फ्यूम हूडमध्ये, गाइड किंवा लॅब असिस्टंट शेजारी उभे असताना. ॲक्वा रेजिया झाकण लावून कधीही ठेवू नका, वायू साठून बाटली फुटते. धुतल्यावर डिस्टिल्ड वॉटरने इतकं खळबळा की तुम्हाला कंटाळा यावा, आणि मॅग्नेट विसरू नका. मागे आमच्या एका बॅचमध्ये फ्लास्क चकचकीत धुतला होता पण ढवळायचा मॅग्नेट तसाच टाकला, कण लाल न होता मातकट जांभळे झाले आणि खाली काळा गाळ बसला. सोनं वाया गेलं आणि दोन दिवस कारण शोधण्यात गेले.

गोल्ड क्लोराइड (खरं नाव क्लोरोऑरिक ॲसिड, पण लॅबमध्ये सगळे गोल्ड क्लोराइडच म्हणतात) ३९.४ मिलिग्रॅम, १०० मिलिलिटर पाण्यात, म्हणजे १ मिलिमोलर. ही पावडर हवेतलं पाणी ओढते आणि स्टीलचा चमचा खाते, म्हणून प्लास्टिकचा किंवा काचेचा स्पॅच्युला घ्या. खरं तर सगळ्यात बरं म्हणजे बाटली फोडली की त्याच दिवशी सगळीच पाण्यात विरघळवून स्टॉक करून ठेवायचा आणि रंगीत बाटलीत अंधारात ठेवायचा, रोज वजन करत बसू नका.

हे द्रावण जोरात ढवळत उकळायला ठेवा, वर कंडेन्सर लावा नाहीतर पाणी उडून प्रमाण बिघडतं. दुसरीकडे ट्रायसोडियम सायट्रेट ११४ मिलिग्रॅम १० मिलिलिटर पाण्यात, हे ताजंच करा. सोन्याचं पाणी खळखळा उकळायला लागलं की सायट्रेट एकदम, एका झटक्यात ओता, थेंबथेंब नाही. आता फ्लास्ककडे बघत राहा, कारण हे बघण्यासारखं असतं. फिकट पिवळा रंग आधी उडून जातो, क्षणभर पाणी अगदी नितळ दिसतं, मग कुठूनतरी करडी सावली येते, ती काळपट निळी होते, जांभळी होते, आणि बघता बघता सगळा फ्लास्क डाळिंबाच्या रसासारखा लाल. मी कितीतरी वेळा पाहिलंय आणि अजूनही हातातलं काम सोडून बघायला जातो. १० मिनिटं उकळू द्या, मग हीटर बंद करून १५ मिनिटं नुसतं ढवळत ठेवा, थंड झालं की ४ अंशाला फ्रिजमध्ये, खोक्यात. चुकूनही फ्रीजरमध्ये नको, गोठलं की कण कायमचे चिकटतात आणि परत लाल होत नाहीत.

दुसरी पायरी: किती कण आहेत ते मोजणं

स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (कुठला प्रकाश किती शोषला ते मोजणारं यंत्र) ४०० ते ८०० नॅनोमीटरपर्यंत स्कॅन घ्या. शिखर ५१८ ते ५२२ च्या मधे आणि टोकदार हवं, ६५० ला जवळपास सपाट हवं. शिखर बुटकं-रुंद असेल तर बॅच टाकून द्या, पुढे त्यावर वेळ घालवू नका. द्रावण मूळचं दाट असतं म्हणून पाचपट पातळ करून वाचा. समजा शिखराला शोषण ०.६४ आलं, म्हणजे मूळचं ३.२, याला १३ नॅनोमीटर कणांच्या शोषण गुणांकाने, म्हणजे २.७ गुणिले १० चा ८ वा घात याने भागलं की साधारण १२ नॅनोमोलर. दरवेळी नवीन बॅच केली की हा आकडा काढायचाच, नाहीतर मागच्या महिन्याचे निकाल या महिन्याशी जुळणार नाहीत.

तिसरी पायरी: मीठ किती

पुढचं सगळं काम २०० मायक्रोलिटरमध्ये, ९६ खाचांच्या प्लेटमध्ये करायचं. माझी वाटणी अशी: सोनं ९०, ॲप्टॅमर १०, नमुना ८०, मीठ २०. नमुन्याला एवढी जागा का दिली ते पुढे दुधाच्या पायरीत कळेल.

आधी ॲप्टॅमर नाही, नमुना नाही, त्यांच्या जागी पाणी. मिठाचं प्रमाण शेवटच्या मिश्रणात १० पासून १०० मिलिमोलरपर्यंत १०-१० ने वाढवत जा. मीठ दहापट पातळ होणार आहे म्हणजे ४० मिलिमोलर हवं असेल तर ४०० मिलिमोलरचा स्टॉक लागेल. मीठ टाकल्यावर घड्याळ लावा आणि बरोबर १० मिनिटांनी वाचा, प्रत्येक खाचेला १० मिनिटं, एकीला आठ आणि एकीला पंधरा असं नको, कारण रंग बदलत राहतो आणि शेवटी कण खाली बसून पाणी फिकं होतं. ६५० चं शोषण भागिले ५२० चं शोषण हा आपला आकडा. लाल असताना हा अगदी कमी असतो आणि निळं झालं की झपकन वाढतो. जिथे वाढून सपाट होतो तिथलं सगळ्यात कमी मीठ घ्या. बऱ्याचदा ते ३० ते ५० च्या आसपास येतं, पण माझ्या आकड्यावर जाऊ नका, तुमच्या बॅचचं तुम्हीच काढा.

चौथी पायरी: ॲप्टॅमर किती

ॲप्टॅमर कोरडा येतो, नळी उघडायच्या आधी सेंट्रिफ्यूजमध्ये एकदा फिरवून घ्या नाहीतर झाकण उघडताना पावडर उडून जाते. पाण्यात विरघळवा, ९५ अंशाला ५ मिनिटं तापवा, हळू थंड होऊ द्या, छोटे वाटे करून फ्रीजरमध्ये टाका (सोनं नाही, ॲप्टॅमर).

आता ठरवलेलं मीठ कायम ठेवून ॲप्टॅमर शेवटच्या मिश्रणात १०, २५, ५०, १००, २००, ४०० नॅनोमोलर असा वाढवा. सोनं आणि ॲप्टॅमर आधी अर्धा तास एकत्र राहू द्या, मग पाणी, मग मीठ. कुठल्यातरी प्रमाणाच्या पुढे मीठ टाकूनही लाल राहील. इथे सगळ्यांचा हात सैल सुटतो, जास्त टाकला तर जास्त सुरक्षित असं वाटतं. नाही. जास्तीचा ॲप्टॅमर सोन्यावर न बसता पाण्यात मोकळा फिरतो, कॅनामायसिन आलं की आधी त्यालाच धरतो आणि सोन्यावरचा जागचा हलत नाही, मग तुमचा सेन्सर बहिरा होतो. जेमतेम लाल राखणारं सगळ्यात कमी प्रमाण घ्या.

पाचवी पायरी: आधी साध्या पाण्यात

कॅनामायसिन बाटलीत सल्फेटच्या रूपात येतं, त्याचा रेणूभार ५८२.६, म्हणून १ मिलिमोलरसाठी १० मिलिलिटरला ५.८३ मिलिग्रॅम. लेबलवर शुद्धता किती लिहिलीय ते बघून वजन सुधारा. आणि काचेच्या भांड्यात ठेवू नका, या कुळातली औषधं काचेला चिकटतात आणि पातळ द्रावणात तर बरंच औषध भिंतीवरच राहून जातं. सगळं पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्यांत.

०, १०, २५, ५०, १००, २००, ४०० नॅनोमोलर, प्रत्येकी तीन खाचा. सोनं-ॲप्टॅमर अर्धा तास, मग कॅनामायसिन घालून अर्धा तास, मग मीठ, मग १० मिनिटं. प्लेट पांढऱ्या कागदावर ठेवून बघा, डावीकडून उजवीकडे लाल ते निळा असा उतार दिसला की समजा बसलं. ० वालं किमान १० वेळा करा, त्याची सरासरी अधिक तिप्पट प्रमाण विचलन ही तुमची रेघ, त्याच्या वरचं तेवढं खरं धरायचं.

सहावी पायरी: दूध, म्हणजे खरी परीक्षा

पाण्यातला ग्राफ सुंदर आला म्हणून मुलं नाचत येतात आणि दुसऱ्या दिवशी थेट दूध घालून बसतात. मग दोनपैकी एक होतं. दूध तसंच घातलं तर केसीन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, सोन्यावर जाऊन बसतं, कण इतके गुरफटले जातात की कितीही मीठ टाका, कितीही कॅनामायसिन टाका, लाल ते लालच. म्हणजे औषध असलेलं दूध पास. उलट प्रथिनं काढून टाकली आणि तेवढ्यावर थांबलं तर दुधातलं कॅल्शियम सोन्याला मिठापेक्षा कितीतरी जोरात गोळा करतं आणि स्वच्छ दूधही निळं दिसतं, म्हणजे निर्दोष शेतकरी नापास. आमच्याकडे एकदा एका दुपारी अकरा नमुने तपासले, अकराच्या अकरा निळे. मुलं हादरली, एकाने तर फोन काढून फोटोही काढले. मी विचारलं औषध न दिलेल्या गायीचं दूध लावलंय का, तर नव्हतं लावलं. लावलं, तेही निळं. फोटो त्याने पुसले.

म्हणून असं करा. १ मिलिलिटर दूध प्लास्टिकच्या नळीत घ्या, थंड असताना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरची साय काढून टाका. कोमट करा, ४० अंशाच्या आसपास, आणि १० टक्के ॲसेटिक ॲसिड थेंबथेंब घालत सामू (पीएच) ४.६ ला आणा. केसीन इथेच फुटतं, घरी पनीर करताना लिंबू पिळल्यावर होतं तेच. १० मिनिटं जोरात फिरवा, वरची हिरवट-पिवळी निवळी काढून घ्या. आता सोडियम हायड्रॉक्साइडने हळूहळू सामू ७ च्या थोडं वर न्या, निवळी परत गढूळ होईल. घाबरू नका, हे कॅल्शियम फॉस्फेट खाली बसतंय आणि आपल्याला तेच हवंय. परत फिरवा, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, सामू ७ वर आणा आणि एकूण ४ मिलिलिटर करा.

आता तो पहिल्या पानावरचा ३१०. दूध चौपट पातळ झालं, म्हणजे ७८ उरले. २०० मायक्रोलिटरमध्ये नमुना ८०, म्हणजे खाचेत ३१ नॅनोमोलर. २५ च्या जेमतेम वर! पाण्यात २५ पकडतो म्हणून आनंद झाला होता ना, तो दुधात असा विरघळतो. दहापट पातळ केलं असतं तर कॅल्शियमचा त्रास गेला असता, पण औषधही रेघेच्या खाली गेलं असतं आणि मर्यादेवरचं दूध सुटलं असतं. पातळ करणं हा सगळ्यात सोपा उपाय म्हणून सगळे तो करतात, तुम्ही करायच्या आधी हा हिशोब करा.

निवळीत स्वतःचे क्षार असतातच, म्हणून तिसरी आणि चौथी पायरी स्वच्छ दुधाच्या निवळीत परत करायची, पाण्यातले आकडे इथे चालणार नाहीत. बहुतेक वेळा मीठ कमी लागतं. ग्राफ पण परत, स्वच्छ दुधात ठरावीक कॅनामायसिन मिसळून, आणि ते मिसळायचं दूध फाडायच्या आधी, निवळीत नाही. कॅनामायसिनवर धन भार असतो, थोडं केसीनच्या चोथ्याबरोबर जातं, थोडं फॉस्फेटच्या गाळाबरोबर जाऊ शकतं, ते नुकसान ग्राफमध्ये धरलं गेलं पाहिजे. १०० टाकले आणि ६० च परत मिळाले तर ६० असं प्रामाणिकपणे लिहा.

स्वच्छ दूध कुठून आणायचं तर ओळखीच्या गोठ्यातून, जिथे गेल्या महिना-दोन महिन्यांत त्या गायीला काहीही टोचलेलं नाही असं मालक खात्रीने सांगतो. पिशवीचं दूध स्वच्छ असेल असं गृहीत धरू नका, आपण तेच तर तपासतोय.

सातवी पायरी: या खाचांशिवाय प्लेट वाचायची नाही

मी मुलांना सांगतो की नमुने कमी लावा पण या खाचा सोडू नका. नुसतं सोनं आणि पाणी, लाल हवं. सोनं आणि मीठ, निळं हवं. सोनं, ॲप्टॅमर, मीठ, लाल हवं. स्वच्छ दुधाची निवळी ॲप्टॅमर आणि मिठासकट, लाल हवी. या चार तर कोणीही लावतं, पुढच्या तीन महत्त्वाच्या.

सोन्यात ॲप्टॅमर न घालता, मीठही न घालता नुसतं कॅनामायसिन. याच्या रेणूवर चार अमिनो गट आहेत, ते स्वतःच ऋण भाराच्या कणांना जोडू शकतात. इथे निळं झालं तर तुमचा सेन्सर ॲप्टॅमरमुळे चालतच नाहीये, आणि मग कुठलाही धन भाराचा रेणू त्याला फसवेल.

दुसरी, त्याच २१ अक्षरांची सरमिसळ केलेला डीएनए, तेवढाच लांब पण कॅनामायसिनला न ओळखणारा. यात कॅनामायसिन आणि मीठ घातलं तर लाल राहायला हवं. थोडा जास्त खर्च होतो म्हणून हा टाळतात. पण माझं स्पष्ट मत आहे की सरमिसळ डीएनएची खाच नसलेला निकाल मी तरी मानत नाही.

तिसरी, दुसरं एखादं अँटिबायोटिक, ॲम्पिसिलिन किंवा टेट्रासायक्लिन, तेवढ्याच प्रमाणात. लाल हवं. इथे लक्षात ठेवा, कॅनामायसिन बी आणि टोब्रामायसिन ही जवळची भावंडं आहेत, त्यांना हा ॲप्टॅमर ओळखतो, तिथे निळं झालं तर ती चूक धरू नका.

मोबाइलवर वाचायचं असेल तर

प्लेट रीडर सगळीकडे नसतो. बुटाचं खोकं आतून पांढऱ्या कागदाने मढवा, वर एलईडीची पट्टी, मोबाइलसाठी भोक, प्लेटपासून अंतर कायम. कॅमेऱ्याचं एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा, हे नाही केलं तर फोन स्वतःच रंग सुंदर करून टाकतो आणि तुमचा निळा जांभळा होतो. इमेजजे हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात प्रत्येक खाचेच्या मधोमध सारखं वर्तुळ टाकून लाल आणि निळ्या चॅनलचं गुणोत्तर काढा. दर फोटोत लाल आणि निळी कंट्रोल खाच आलीच पाहिजे. डोळ्यावर मात्र विसंबू नका, कारण जांभळ्याला एकजण लाल म्हणतो, दुसरा निळा, आणि संध्याकाळच्या ट्यूबलाइटमध्ये दोघंही बदलतात.

तयार पट्ट्यांबद्दल दोन शब्द, कारण कोणीतरी विचारतंच. दूध संकलनावर ज्या पट्ट्या वापरतात त्यातल्या बऱ्याच पट्ट्यांवरची लाल रेघ सोन्याच्या नॅनोकणांचीच असते, फक्त तिथे औषध असेल तर रेघ फिकी होते किंवा येतच नाही. ज्याला उद्या सकाळी दूध घ्यायचं की नाही ठरवायचंय त्याने पट्टीच वापरावी. आपली पद्धत शिकण्यासाठी आणि नवीन सेन्सर बनवण्यासाठी.

निळा आला, आता काय

आधी तीच निवळी नाही, तोच नमुना पहिल्यापासून परत फाडून करा. परत निळा आला तर या नमुन्याला संशयित म्हणा, दोषी म्हणू नका. पक्का निकाल मान्यताप्राप्त लॅबमधल्या एलसी-एमएसएमएसवरच लागतो, ते यंत्र रेणूचं वजनच ओळखतं. म्हणून नमुना घेतानाच त्याचे तीन वाटे करायची सवय लावा, प्लास्टिकच्या नळ्या, तीन-चतुर्थांश भरलेल्या कारण दूध गोठलं की फुगतं, प्रत्येकीवर तारीख, वेळ, सकाळचं की संध्याकाळचं दूध, आणि गोठ्याच्या नावाऐवजी नंबर. नाव आणि नंबरची यादी वेगळ्या वहीत, गाइडकडे. शेतकऱ्याचं नाव लॅबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं की निकाल यायच्या आधीच त्याचं दूध बंद होतं, हे मी पाहिलंय, आणि त्या नमुन्यात पुढे काही निघालं नव्हतं.

एक वाटा तुमच्या कामाला, एक उणे २० ला लॅबकडे पाठवायला, एक तसाच राखीव. पाठवताना थर्माकोलच्या डब्यात बर्फाचे पॅक घालून, आणि शक्यतो आठवड्याच्या सुरुवातीला, शुक्रवारी कुरिअर केलं तर शनिवार-रविवार डबा कुठेतरी गोदामात वितळत पडतो. वापरलेल्या खाचांमधलं सोन्याचं पाणी सिंकमध्ये ओतू नका, लेबल लावलेल्या वेगळ्या बाटलीत जमा करा.